केनेडींच्या ‘व्हिक्टुरा’ नौकेच्या नावाचा अर्थ

अमेरिकेचे ३५ वे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना १९३२ साली पंधराव्या वाढदिवसानिमित्त आई-वडिलांनी २५ फूट लांबीची शिडाची लाकडी नौका भेट दिली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हायनिसपोर्ट येथील कौटुंबिक निवासस्थानानजीकच्या समुद्रात ते ती चालवीत. तिचे नाव ‘व्हिक्टुरा’ असे ठेवण्यात आले.

हा शब्द लॅटिन भाषेतील आहे. ‘जिंकणे’ या अर्थाच्या ‘विंको’ या क्रियापदापासून साधलेले हे भविष्यकाळदर्शक विशेषण असून, ‘विजयी होऊ घातलेली’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. लॅटिनमध्ये नौकेसाठी असलेला ‘नाविस’ हा शब्द संस्कृत ‘नौ’ शब्दाचा सगोत्र व त्याच्याप्रमाणेच स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे हे रूपही स्त्रीलिंगी आहे.

केनेडींचे वडील जोसेफ यांची मुलांकडून नेहमीच पहिल्या क्रमांकाची अपेक्षा असे. अशा घरातील शर्यतीच्या नौकेला हे नाव साजेसेच होते. मात्र त्यात विजय मिळाल्याचा दावा नाही. तो अद्याप मिळवायचा आहे, असेच हे रूप सुचविते.

विशेष म्हणजे, ‘जगणे’ या अर्थाच्या ‘विवो’ या क्रियापदाचेही भविष्यकाळदर्शक रूप ‘व्हिक्टुरा’ असेच लिहिले जाते. ‘विवो’ व संस्कृत ‘जीव्’ यांचे मूळ एकच आहे. म्हणजेच ‘पुढे जगणार असलेली’ हा अर्थही याच अक्षरांत दडलेला आहे.

केनेडींच्या आयुष्यात या दुसऱ्या अर्थाचीही कसोटी लागली. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांच्या ‘पीटी-१०९’ या नौकेचे दोन तुकडे झाले. दोन सहकारी मृत्युमुखी पडले. जखमी सहकाऱ्याच्या जीवरक्षक जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी काही तास पोहत राहिले व सर्व ११ जण बेटावर पोहोचले.

१९६१ साली ते अध्यक्ष झाले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे त्यांची हत्या झाली, तेव्हा ते अवघे ४६ वर्षांचे होते. ‘व्हिक्टुरा’ मात्र टिकून राहिली. बोस्टन येथील केनेडी ग्रंथालय व संग्रहालयाने ती जतन केली असून, उन्हाळ्यात ती समुद्रकिनारी प्रदर्शनासाठी ठेवली जाते. नावातील ‘जगणारी’ हा अर्थ नौकेने आपल्यापुरता खरा करून दाखविला आहे.