बॉयलर फुटण्यापूर्वीं

तांब्याचा बंब आतां थोड्याच घरांत उरला आहे. पण ज्यांनीं तो वापरला असेल, त्यांना एक गोष्ट आठवेल. विहिरीचें जड पाणी वर्षभर तापविलें कीं बंबाला आंतून पांढरें, खरखरीत पूट चढतें आणि तेवढ्याच पाण्याला जळण अधिक लागूं लागतें. कारखान्यांतील बॉयलरचें दुखणेंहि बहुधा येथूनच सुरू होतें. बंबांत नुकसान होतें तें लांकडांचें. बॉयलरमध्यें तें माणसांच्या प्राणावर बेततें.

असें कां व्हावें? बॉयलरच्या पत्र्याच्या एका अंगास धगधगती भट्टी व दुसऱ्या अंगास पाणी असतें. पत्रा टिकतो तो पाणी त्याची उष्णता अखंड ओढून घेतें म्हणून. दहा वातावरणांच्या दाबाखालीं पाणी सुमारें १८० अंश सेंटिग्रेडला उकळतें, आणि पत्राहि त्याहून फारसा तापत नाहीं. मात्र मध्यें क्षारांचें पूट आलें कीं ही वाट अडते. पोलाद पांचशें अंशांच्या आसपास पोहोंचलें म्हणजे त्याची ताकद झपाट्यानें उतरते. नळीला फुगवटा येतो. तो वेळीं दिसला नाहीं तर फाटतो. म्हणून आंत घ्यावयाचें पाणी आधींच मृदु करून घेतात, आणि तळाशीं बसलेला गाळ नेमानें झडप उघडून बाहेर काढतात. पाण्यांत विरघळलेला प्राणवायूहि निरुपद्रवी नव्हे. तो पत्र्याला बारीक खळगे पाडीत जातो. पाणी अगोदर तापवून त्याला घालवावें लागतें.

कांहीं दोष मात्र डोळ्यांना दिसतच नाहींत. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांत ब्रॉक्टन येथें ग्रोव्हर यांचा जोड्यांचा कारखाना होता. २० मार्च १९०५ रोजीं सकाळीं तेथील जुना बॉयलर फुटला आणि छपरांतून बाहेर उडाला. चार मजली लांकडी इमारत कोसळून पेटली व ५८ माणसें प्राणांस मुकलीं. त्या काळीं पत्र्याच्या कडा एकमेकींवर चढवून रिव्हेट मारीत. अशा सांध्यापाशीं पिंपाचा आकार पुरता वाटोळा राहत नाहीं. दाब चढला-उतरला कीं तेथें पत्रा किंचित् वांकतो, आणि दोन पत्र्यांच्या पोटांत, कोणाच्या दृष्टीस न पडतां, तडा वाढत जातो. पिंप फुटलें कीं दाबाखालीं कोंडलेल्या पाण्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेंत सोळाशें लिटरांहून अधिक जागा मागते! मॅसॅच्युसेट्सनें १९०७ सालीं बॉयलरबांधणीचे नियम केले. आपल्याकडे कलकत्त्यास १८६३ मध्यें झालेल्या स्फोटानंतर १८६४ सालीं बंगालपुरता तपासणीचा कायदा झाला; अखिल भारतीय कायदा १९२३ चा, आणि त्याची जागा २०२५ च्या कायद्यानें घेतली आहे. कायदे प्रेतें मोजून झाल्यावर येतात, ही खेदाची गोष्ट खरी.

तपासणींत बॉयलर थंड करून, आंत उतरून पाहतात. नंतर तो पाण्यानें कांठोकांठ भरून नेहमींपेक्षां अधिक दाब देतात. वाफेनें नव्हे, पाण्यानें. पाणी दाबलें तरी फारसें आकसत नाहीं. म्हणून सांधा निसटलाच तर चिळकांडी उडते, स्फोट होत नाहीं.

परंतु दोन तपासण्यांच्या मध्यें सर्व भिस्त असते ती बॉयलर सांभाळणाऱ्या माणसावर आणि पाण्याची पातळी दाखविणाऱ्या एका कांचेच्या नळीवर. तिची वाट गाळानें तुंबली तर ती खोटी पातळी दाखविते; यास्तव प्रत्येक पाळीला तोट्या उघडून ती धुवावी लागते. एखाद्या रात्रीं कांचेंतून पाणी दिसेनासें झालें, तर हात सहजच पाण्याच्या पंपाकडे वळतो. तो आवरला पाहिजे. उघड्या पडलेल्या, लालबुंद पत्र्यावर पाणी पडलें तर वाफेचा लोट उसळतो व तापलेला पत्रा तडकतो. अशा वेळीं जळण तोडावयाचें, भट्टी विझवावयाची, माणसें दूर न्यावयाचीं आणि बॉयलर आपणहून निवेपर्यंत, कारखान्याचा खोळंबा झाला तरी, वाट पाहावयाची.