चार साड्यांचं घर

 

आज आपण बेघर बायांविषयी बोलणार आहोत. बेघर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पुलाखालची माणसं डोळ्यांसमोर येतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं मोजली गेली. पण नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या पडवीत निजणारी बाई त्या आकड्यात नाही. तिच्या डोक्यावर पत्रा आहे, म्हणजे कागदावर तिला घर आहे. कुणी "ऊठ" म्हणालं की तिला उठावं लागतं, हे कागद विचारत नाही.

फॉर्म घेऊन गेलो तर तीही खरं सांगत नाही. भाऊ समोर बसलेला असतो. "बरं चाललंय," एवढंच म्हणते. तीच बाई गाण्यातून मात्र बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांना सोबत घेऊन राज्यभरातून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. माहेर कुणाचं, सासर कुणाचं, भाऊ विचारतो का, हे सगळं त्यांत आहे. ओवी सगळ्यांची असते, म्हणून तिच्यात आपलं दुखणं घालायला भीती वाटत नाही.

दुसरं उदाहरण मुंबईच्या भायखळ्याचं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फुटपाथवरच्या झोपड्या पाडल्या जाणार होत्या. तेव्हा स्पार्क संस्थेनं तिथल्याच लोकांना घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. पुढे तिथल्या बायांनी महिला मिलन उभं केलं. त्यांनी साड्यांनी लांबी-उंची मोजली, पुठ्ठ्याची घरं केली, मग लाकूड आणि कापड लावून खऱ्या मापाचं घर उभारून लोकांना दाखवलं. छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे वर माळा काढता येईल, हे त्यांनीच ठरवलं. पुढे मानखुर्दला त्यांचं मिलन नगर उभं राहिलं.

आपल्याला हे कसं जमेल? प्रधानमंत्री आवास योजनेत, ग्रामीण भागात, घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं असतं. म्हणजे पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. टोकाला अर्धा मीटर दुमडली की एक भिंत झाली. शाळेच्या पटांगणात चार साड्या चौकोनात अंथरा आणि आत उभ्या राहा. चूल कुठे, मोरी कुठे, म्हातारी सासू कुठे निजणार, हे बायांना ठरवू द्या. बोलता बोलता कुणीतरी म्हणेल, "मला कोपरा कुठला?" तिथून खरी माहिती सुरू होते.

मग प्रत्येकीला राहत्या घराचं चित्र काढायला सांगा. आपली पेटी कुठे असते आणि रात्री कडी कोण लावतं, एवढं दाखवलं तरी पुरे. चित्रावर नाव घालू नका. बाईला विचारल्याशिवाय ते कुणाला दाखवू नका. घरी कळलं तर आहे तो आसराही जाईल.

चित्रं काढून थांबलो तर तो नुसता हळदीकुंकवाचा कार्यक्रम होईल. म्हणून शेवटी मोजा. किती जणींचं नाव नमुना आठवर आहे? किती विधवा, टाकलेल्या बाया दुसऱ्याच्या घरात राहतात? नावं नकोत, फक्त आकडे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे ते आकडे मांडा, साड्यांचं घर अंथरा आणि ठराव लिहून घ्या. आवास योजनेचं घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर द्यावं असा नियम आहे. विधुर, अविवाहित असे मोजके अपवाद सोडले तर तो सगळ्यांना लागू आहे. गावात तो पाळला जातो का, हे ग्रामसेवकांना सभेतच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येक गटानं चार जुन्या साड्या घेऊन याव्यात. मोजपट्टी आम्ही आणतो.