शेवटच्या नटबोल्टापर्यंत

चिलखती गाडीत सर्वांत उशिरा म्हातारं होतं ते तिचं पोलाद. पायदळाच्या जवानांना आघाडीवर नेणाऱ्या बीएमपी-२ चंच उदाहरण घ्या. वजन सुमारे १४ टन, गाडी चालवणारे आणि तोफ सांभाळणारे तिघे, मागे सात जवान, ३०० अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, आणि वेळ पडली तर नदी पोहून पार करण्याची सोय. तेलंगणातल्या मेदकच्या आयुध कारखान्यात ही गाडी १९८७ पासून ‘सारथ’ या नावाने बनू लागली. वाळवंटात, चिखलात वर्षानुवर्षं पळून तिचं इंजिन थकतं, बेअरिंगं वाजू लागतात, तारांवरचं वेष्टण तडकतं. पोलादी कवच मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतं. अशी गाडी भंगारात काढायची म्हणजे तिच्यातला सर्वांत टिकाऊ भागच फेकून द्यायचा. त्याऐवजी ती खडकीला येते.

पुण्याजवळच्या खडकीत ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. लष्कराच्या ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरच्या आठ बेस वर्कशॉपपैकी हे एक. या कार्यशाळांचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. मीरा रोडच्या शांती नगर वस्तीतून पुण्याला जाणाऱ्यांच्या गाडीच्या खिडकीतून खडकी स्टेशन झरकन मागे पडतं, आणि रुळांपासून थोड्याच अंतरावर काय चालतं याचा पत्ता बहुतेकांना नसतो. नवं शस्त्र दाखल झालं की त्याची पहिल्या पानावर बातमी होते. जुनं शस्त्र पुन्हा लढण्याजोगं करणाऱ्या हातांबद्दल आपण क्वचितच वाचतो. माझ्या मते महाराष्ट्रात चालणाऱ्या सर्वांत अवघड यंत्रकामांपैकी हे एक आहे.

लष्करात गाडीची अवस्था वर्गाने सांगतात. नवीकोरी ती पहिल्या वर्गातली. वापर आणि वय वाढेल तसा वर्ग खाली सरकतो. पाचव्या वर्गात गेलेली गाडी ओव्हरहॉलला पाठवतात आणि सहाव्या वर्गातली निकालात निघते. या दोन वर्गांमधली रेघ कोण, कशी ओढतो, यावरच सगळा हिशोब उभा असतो. ती रेघ नजरेने ओढता येत नाही, मोजूनच ओढावी लागते.

म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी पूर्ण उघडणं. दिल्ली छावणीतल्या ५०५ बेस वर्कशॉपने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओव्हरहॉल केलेला पहिला टी-९० रणगाडा तयार करून दाखवला, तेव्हा त्यातले दोनशेहून अधिक जोडसंच सुटे करून पुन्हा बांधले होते. खडकीच्या बीएमपीचंही तसंच. बुरूज उचलून वेगळा होतो, इंजिन बाहेर येतं, पट्टे, चाकं, टॉर्शन बार निघतात आणि रिकामं कवच उरतं. त्यावरचा रंग आणि गंज काढला की जोडकामाच्या शिवणी उघड्या पडतात. प्रत्येक भाग धुऊन त्याच्या त्याच्या विभागात जातो आणि तिथे मोजमाप सुरू होतं.

इंजिनचा सिलिंडर आतून गोल दिसतो. बोअर गेज आत घातला की कळतं, तो आता गोल राहिलेला नाही. पिस्टन वर-खाली होताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूवर जास्त रेटा देतो आणि त्या दिशेने भिंत अधिक झिजते. सिलिंडर किंचित लंबगोल होतो. शिवाय वरच्या टोकाला ज्वलनाची उष्णता जास्त आणि तेल पोचतं कमी, म्हणून वरची झीज खालच्यापेक्षा अधिक. या झिजेचे आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात येतात. पण एवढ्याशा फरकानेही इंजिन तेल जाळू लागतं, धूर सोडतं आणि थंडीत सुरू होईनासं होतं. क्रँकशाफ्ट घासून पुन्हा गुळगुळीत करता येतो आणि त्याला जाड बेअरिंग घालता येतं. पण त्याच्या पृष्ठभागावर कठीण केलेला पातळ थर असतो. घासता घासता तो संपला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. मग मोजमाप कितीही बरोबर येवो, तो क्रँक बाद.

झिजेपेक्षा धोकादायक असते भेग. टॉर्शन बार म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगसारखा वागणारा पोलादी दांडा. गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळते तेव्हा तो पिळला जातो आणि सुटतो. असं लाखो वेळा झालं की पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापाशी केसाहून बारीक भेग सुरू होते. धातू थकतो तो असा, बाहेरून कसलीही खूण न दाखवता. ती भेग शोधायला दांड्याला चुंबकत्व देतात. अखंड पोलादातून चुंबकीय रेषा सरळ वाहतात, भेगेपाशी त्या बाहेर फुटतात. वरून चमकणारे लोहकण मिसळलेला द्रव ओतला की कण तिथेच चिकटतात आणि अतिनील दिव्याखाली भेगेची हिरवी रेघ लखलखते. ॲल्युमिनियमला चुंबक लागू पडत नाही. त्यासाठी आत झिरपणारा रंग लावून पुसतात, वर पांढरी पूड फवारतात, आणि भेगेत उरलेला रंग त्या पुडीवर उमटतो.

तिसरा शत्रू आहे काळ. गाडी चालली नाही तरी तिचं वय वाढतं. शांती नगरच्या सोसायट्यांत महिनोन्‌महिने कव्हर घालून ठेवलेल्या गाड्यांकडे पाहा. एकाच जागी दबून टायर चपटे होतात, रबराला चिरा पडतात, बॅटरी बसते. भाईंदरच्या मिठागरांवरून आणि खाडीवरून येणाऱ्या खारट दमट हवेत क्लोराइडचे कण असतात. ते पोलादावर बसले की गंजाची प्रक्रिया झपाट्याने पुढे सरकते, कव्हर असो वा नसो. कोठारात उभ्या राहिलेल्या लष्करी गाड्यांचंही हेच होतं. त्यामुळे ओव्हरहॉलमध्ये ऑइल सील, होजपाइप, गॅस्केट यांची झीज मोजत बसत नाहीत, हे भाग सरसकट बदलतात. पोहणाऱ्या गाडीत तर एका कडक झालेल्या सीलमधून पाणी शिरणं म्हणजे आतल्या दहा जणांच्या जिवाशी गाठ.

जुळणीच्या वेळी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गाडीतून निघालेलं इंजिन त्याच गाडीत परत जाईलच असं नाही. इंजिनांची रांग वेगळी चालते, कवचांची वेगळी, आणि तयार कवचाला तयार इंजिन मिळतं. काही जोड्या मात्र कधीच फोडत नाहीत. डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल एकमेकांवर घासूनच बसवलेले असतात, दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी. जोडीदार बदलला की दाब धरत नाही. इंजिन आधी चाचणी-मंचावर भार देऊन चालवतात, मग गाडी रस्त्यावर, आणि पोहणारी असेल तर पाण्यातही.

या साखळीचा कच्चा दुवा म्हणजे सुटे भाग. बेस वर्कशॉपच्या कामावरच्या २०१६ च्या कॅग अहवालाने ओव्हरहॉलची उद्दिष्टं मागे पडत असल्याबद्दल आणि सुटे भाग वेळेवर न मिळण्याबद्दल कडक ताशेरे ओढले. लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २०१७ मध्ये सरकारने या कार्यशाळांची फेररचना जाहीर केली. जमीन-यंत्रं सरकारची आणि चालवणारा खासगी, अशा व्यवस्थेचाही विचार झाला. कारभार कोणाकडेही जावो, कानाने बेअरिंग ओळखणारा आणि हाताने फट जोखणारा अनुभवी कारागीर टिकला पाहिजे. तो एकदा पांगला की निविदा काढून परत मिळत नाही.

जुनं पुन्हा उभं करण्याची ताकद किती असते, याचे दाखले इतिहासात आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकच्या बेटांवर गंजत पडलेल्या गाड्या आणि शस्त्रं अमेरिकी लष्कराने ‘ऑपरेशन रोल-अप’मध्ये जपानला आणून तिथल्या कारखान्यांत नव्याने बांधली. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, तेव्हा जपानमधल्या चार अमेरिकी डिव्हिजनांची सुमारे ७५ टक्के वाहनं आणि ९० टक्के शस्त्रं याच कामातून आलेली होती. आपला दाखला तर त्याहून थक्क करणारा. युद्ध संपल्यावर कानपूरला मुद्दाम मोडतोड करून टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं १९४८ मध्ये जेमतेम उडण्याजोगी केली गेली. हिंदुस्तान एअरक्राफ्टचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली आणि तिथे त्यांची पूर्ण डागडुजी झाली. पुढे ही विमानं पुण्याच्या लोहगावहून उडू लागली आणि हवाई दलात १९६८ पर्यंत टिकली.

कधी कधी पुनर्बांधणीत गाडीचं कामच बदलतं. विजयंता रणगाड्याचा सांगाडा घेऊन त्यावर १३० मिलिमीटरची तोफ बसवली आणि ‘कॅटापुल्ट’ ही स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी तोफ तयार झाली. मूळ रूपातला विजयंता अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहता येतो.

सरकारी गाड्यांसाठी एप्रिल २०२३ पासून नियम कडक आहे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही. संरक्षणासाठीच्या चिलखती आणि खास वाहनांना त्यातून सूट आहे, आणि ती योग्यच आहे, कारण त्यांचं आयुष्य कॅलेंडर ठरवत नाही, बोअर गेज ठरवतो.

लष्करी जोंगा किंवा जिप्सी लिलावात घेण्याची हौस अनेकांना असते, मीरा-भाईंदरमध्येही. त्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं. ओव्हरहॉल होऊन तयार झालेली गाडी पुन्हा पलटणीत जाते. लिलावात येते ती दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही असं ठरलेली, आणि तीही जशी आहे, जिथे आहे तशी. रंग बघून बोली लावू नका. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, चासीच्या शिवणींवरचा रंग खरवडून बघा, इंजिन गार असताना सुरू करायला लावा, आणि कागदपत्रांवर आपल्या आरटीओत नोंदणी होईल की नाही हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.