फेब्रुवारीपुरते पाहुणे

कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासासाठी एक सप्ताह मुक्रर केला, त्याला २०२६ मध्ये शंभर वर्षे झाली. १९७६ मध्ये त्या सप्ताहाचा महिना झाला, महिन्याचा उत्सव झाला, आणि उत्सवांचे जे सर्वत्र होते तेच त्याचेही झाले. शताब्दीच्या बातम्या वाचकांच्या नजरेखालून गेल्याच असतील, तेव्हा त्यांची उजळणी येथे करीत नाही. मला सांगायचे आहे ते त्या उत्सवाच्या एका कोपऱ्याविषयी. अमेरिकेतील सिंफनी वाद्यवृंद वर्षाचे अकरा महिने बेथोव्हन, ब्राम्स आणि चायकोव्हस्की यांच्या सेवेत घालवतात, फेब्रुवारी उजाडताच फ्लॉरेन्स प्राइस किंवा विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय संगीतकारांची एखादी रचना मोठ्या आदराने बाहेर काढतात, आणि मार्च लागला की श्राद्धाची भांडी घासूनपुसून माळ्यावर जावीत तशी ती पुन्हा कपाटात जाते. हे विधान जरा कठोर आहे, आणि गेल्या दहाबारा वर्षांत त्याला अपवादही पुष्कळ झाले आहेत. परंतु ते अपवाद संभवण्यासाठी मुळात त्या कपाटात काही असावे लागते, आणि ते कपाट भरण्याचे बिनगाजावाजाचे काम ज्यांनी केले त्यांत एका फ्लूटवादक बाईंचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल, असे माझे मत आहे.

डी. अँटोइनेट हँडी यांचा जन्म १९३० चा, न्यू ऑर्लिन्सचा. वडील मेथडिस्ट पंथाचे पाद्री. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची उच्च पदवी, आणि १९५५ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरची पदविका, म्हणजे फ्लूटवादनाची जी काशी समजली जाते तेथपर्यंत जाऊन त्या आल्या. युरोपातल्या वाद्यवृंदांत त्यांनी वाजवले, आणि मायदेशी परतल्यावर टस्कीगी, व्हर्जिनिया स्टेट, जॅक्सन स्टेट अशा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून अध्यापन केले. १९६६ पासून १९७६ पर्यंतची दहा वर्षे त्या रिचमंड सिंफनीत होत्या. रिचमंड म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढलेल्या दक्षिणेच्या संघराज्याची राजधानी. त्या नगरीच्या वाद्यवृंदात काळ्या वर्णाच्या स्त्रीने फ्लूट घेऊन बसणे, याचा अर्थ तेथल्या श्रोत्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

फ्लूटवादकाची जागा वाद्यवृंदाच्या ऐन मध्यावर, तंतुवाद्यांच्या मागे आणि पितळी वाद्यांच्या पुढे, कंडक्टरच्या थेट नजरेसमोर असते. या जागेवरून अमेरिकन संगीतातला एक विलक्षण विरोधाभास फार जवळून दिसतो. द्वोर्जाक या झेक संगीतकाराची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला प्रथम वाजली. तिच्या पहिल्या भागात जी मेजरमधली एक धून एकट्या फ्लूटला दिलेली आहे, आणि तीही खालच्या सप्तकात, जेथे फुंक किंचित सैल पडली तर सूर पोकळ होतो आणि किंचित जोराने गेली तर वरच्या सप्तकात उसळतो. म्हणून बाकीचा सगळा वृंद त्या चार क्षणांपुरता आवाज आवरून बसतो. या धुनेत ‘स्विंग लो, स्वीट चॅरिअट’ या गुलामांच्या भक्तिगीताची छाया अनेकांना ऐकू आली आहे, आणि ते अकारण नव्हे, कारण हॅरी बर्ली हा कृष्णवर्णीय विद्यार्थी द्वोर्जाकला अशी गीते गाऊन दाखवीत असे. द्वोर्जाकने तर अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया याच सुरावटींत शोधावा असे जाहीरपणे सांगितले होते. सल्ला शिरसावंद्य मानला गेला, सुरावट वृंदात दाखल झाली. ती ज्यांची होती त्यांना मात्र दरवाजाबाहेर उभे राहावे लागले. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय वादक, सॅनफर्ड ॲलन, कायम झाला तो १९६२ मध्ये.

हँडीबाईंनी या स्थितीवर भाषणे देण्यापेक्षा एक सोपा वाटणारा आणि प्रत्यक्षात चिकाटीचा उपाय योजला. त्यांनी फ्लूट, चेलो आणि पियानो अशी ‘ट्रिओ प्रो व्हिवा’ ही त्रयी उभारली आणि कृष्णवर्णीय संगीतकारांच्या रचना हेच तिचे मुख्य कार्य ठरवले. यातली अडचण बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. वाजवायचे ठरवले तरी वाजवायचे काय? कृष्णवर्णीय संगीतकारांनी लिहिले होते ते पुष्कळसे कंठसंगीत, वृंदगान, पियानोचे तुकडे. फ्लूट, चेलो आणि पियानो या विशिष्ट मेळासाठी लिहिलेले संगीत आधी अस्तित्वात यायला हवे. म्हणून वादकालाच संगीतकाराच्या दारी जाऊन लिहिण्याची गळ घालावी लागते. हँडीबाईंना फार लांब जावे लागले नाही, कारण व्हर्जिनिया स्टेट महाविद्यालयात अंडीन स्मिथ मूर या नावाच्या अध्यापिका १९२७ पासून शिकवीत होत्या.

या मूरबाईंविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. १९०४ चा जन्म, व्हर्जिनियातल्या जॅरट या लहानशा गावचा. आजीआजोबांच्या पिढीने गुलामी भोगलेली, आणि घरात आईवडिलांच्या तोंडी त्या काळची गाणी. फिस्क विद्यापीठातून शिकून बाहेर पडल्यावर आयुष्याची पंचेचाळीस वर्षे एकाच संस्थेत अध्यापन. संगीतकार म्हणून मात्र त्या स्वतःला बराच काळ गृहीतच धरीत नसाव्यात, कारण त्यांचे बरेचसे लेखन हे विद्यार्थ्यांच्या गायनवृंदाची निकड भागवण्यासाठी झालेले दिसते. हँडीबाईंच्या मागणीवरून त्यांनी १९६९ मध्ये ‘आफ्रो-अमेरिकन सूट’ लिहिले. गुलामांची भक्तिगीते हाच त्याचा आधार. परंतु मूळ गीताला सभ्य वस्त्रे चढवून सभागृहात आणण्याचा जो शिरस्ता त्या काळी पडला होता, तो येथे नाही. नेहमीच्या फ्लूटबरोबर त्यांनी आल्टो फ्लूटही योजली आहे. ती लांब, जाड नळीची, श्वास भराभर खाणारी बासरी असून तिच्या खालच्या सुरांत माणसाच्या घोगऱ्या, दमलेल्या गळ्याची जात उतरते. चर्चमधल्या सामूहिक गाण्यात एक आवाज पुढे जातो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात, ते उत्तर देण्याचे काम कधी चेलो करतो, कधी पियानोचा डावा हात. आपल्याकडे कीर्तनात टाळकरी बुवांना जशी साथ करतात, ते ऐकत वाढलेल्या कानाला ही रचना परकी वाटणार नाही. त्याच वर्षी मूरबाईंनी आल्टोना ट्रेंट जॉन्स यांच्यासह महाविद्यालयात कृष्णवर्णीयांच्या संगीताचे एक केंद्र उघडले. ते तीनेक वर्षेच चालले, पण मूरबाईंची पुढची कीर्ती तेथून सुरू झाली.

रिचमंड सोडल्यानंतर हँडीबाईंनी लेखणी हाती घेतली. ‘ब्लॅक विमेन इन अमेरिकन बँड्स अँड ऑर्केस्ट्राज’ हा त्यांचा ग्रंथ १९८१ चा, आणि तो वाचनीय आहे असे मी म्हणणार नाही. तो नोंदींचा ग्रंथ आहे, कोण कोठे शिकली, कोणत्या वृंदात किती वर्षे बसली, याची फेहरिस्त. पण कृष्णवर्णीय वादक मिळतच नाहीत ही जी मखलाशी वृंदांचे व्यवस्थापक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, तिला उत्तर म्हणून टेबलावर ठेवायला अशी फेहरिस्तच हवी होती. १९९५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय कंडक्टरांविषयी याच पद्धतीचा दुसरा ग्रंथ सिद्ध केला.

मिळत नाहीत, या सबबीचा निकाल एकदा चौकशीपुढेही लागला होता. १९६९ मध्ये अर्ल मॅडिसन आणि आर्थर डेव्हिस या दोघा वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे फिर्याद नेली. आमची परीक्षा पडद्याआडून घ्या, हा त्यांचा आग्रह होता. कायम नेमणुकांत भेदभाव सिद्ध होत नाही, परंतु बदली वादक बोलावण्याच्या वहिवाटीत तो स्पष्ट आहे, असा निर्णय आयोगाने दिला. पुढे पडदा बहुतेक ठिकाणी रूढ झाला, चपलांच्या टाचांवरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून जमिनीवर गालिचाही आला, आणि स्त्रियांची संख्या वाढली. कृष्णवर्णीयांची मात्र नाही. अमेरिकन वृंदांच्या संघटनेच्या पाहणीप्रमाणे २०१४ मध्ये त्यांचे प्रमाण शेकडा १.८ होते, २०२३ मध्ये २.४. सॅनफर्ड ॲलन यांनी १९७७ मध्ये राजीनामा दिला. नंतर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता तेथे संगीत संचालक असताना १९७९ मध्ये जेरोम ॲशबी हे हॉर्नवादक आले, आणि अँथनी मॅक्गिल हे क्लॅरिनेटचे प्रमुख वादक म्हणून २०१४ मध्ये नेमले गेले तेव्हा त्या वृंदाला पहिला कृष्णवर्णीय प्रमुख वादक लाभला. पडदाच काढून टाकावा, असे मत न्यूयॉर्क टाइम्सच्या संगीतसमीक्षकाने २०२० मध्ये मांडले आणि मोठा गहजब झाला. मला ते मत पटत नाही. पडदा वादकाचा चेहरा झाकतो. परीक्षेत काय वाजवायचे याची यादी कोणत्याही पडद्याआड नसते, आणि खरी तपासणी तिची व्हायला हवी.

फ्लूटवादकाच्या परीक्षेची ही यादी जगभर जवळजवळ एकच आहे. मोझार्टचा जी मेजर कन्चर्टो, देबुसीच्या ‘फॉन’ची सुरुवात, ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीतला एकट्याचा भाग, मेंडेल्सोनचे स्केर्झो, राव्हेलचे ‘डाफनिस’. विद्यार्थी उमेदीची दहा दहा वर्षे या मूठभर पानांवर घालवतो, आणि जे बोटांत मुरलेले असते तेच त्याला थोर वाटते. प्राइसबाईंच्या पहिल्या सिंफनीतला ‘जुबा’ नृत्याचा भाग, ज्यात आफ्रिकी ढोल आणि चक्क सरकती शिटी वाजते, तो ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याला तालमीत तो समोर आला की किरकोळ वाटतो, यात नवल नाही. ही सिंफनी १९३३ च्या जूनमध्ये शिकागो सिंफनीने वाजवली होती. तरीही प्राइसबाईंच्या हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात सापडला, आणि त्यांच्या सर्व रचनांचे हक्क शिर्मर या बड्या प्रकाशनसंस्थेने घेतले ते २०१८ मध्ये. तोवर एखाद्या वृंदाने त्या वाजवायच्या म्हटले तर वादकांचे सुटे भाग मिळवण्यापासून सारी तजवीज करावी लागे. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतासाठी गोव्याच्या वादकांनी रात्री जागून लिहिलेल्या नोटेशनच्या पानांचे काय झाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे दुखणे नवे नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केलेल्या प्राइसबाईंच्या सिंफन्यांच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले, ते भाग छापून हाती आल्यानंतरच.

हँडीबाई २००२ मध्ये निवर्तल्या. त्यांचा वारसा आज दोन प्रकारच्या फ्लूटवादकांकडे दिसतो. सिएटल सिंफनीचे प्रमुख फ्लूटवादक डेमार मॅक्गिल, अँथनी यांचे थोरले बंधू, शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेले. या दोघांसाठी मायकेल एबल्स यांनी फ्लूट, क्लॅरिनेट आणि वृंद अशी ‘विंग्ड क्रीचर्स’ ही रचना केली, आणि भावांनी ती शिकागोच्याच युवा वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केली. कोवळ्या वयाच्या वादकांच्या स्टँडवर एका जिवंत कृष्णवर्णीय संगीतकाराची रचना ठेवली गेली, ही गोष्ट मला ग्रॅमीपेक्षा मोलाची वाटते. दुसऱ्या व्हॅलरी कोलमन, ज्या स्वतःच संगीतकार आहेत. १९९७ मध्ये त्यांनी ‘इमानी विंड्स’ हा सुषिरवाद्यांचा पंचक मेळ स्थापन केला. त्यांचे ‘उमोजा’ स्त्रियांच्या वृंदगानापासून निघून, पंचकातून जात, २०१९ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या मागणीवरून पूर्ण वृंदापर्यंत पोचले, आणि हयात कृष्णवर्णीय स्त्रीकडून त्या वृंदाने मागवलेली ती पहिलीच अभिजात रचना ठरली.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तेथे सरकारचा संबंध येतो. कलांना अनुदान देणाऱ्या राष्ट्रीय निधीच्या संगीत खात्याच्या प्रमुखपदी हँडीबाई १९९० ते १९९३ होत्या. बासरीवादकाने दप्तरात बसून मंजुरीचे कागद काढावेत, याचे कोणाला वाईट वाटेल, मला नाही वाटत. २०२५ च्या मे महिन्यात त्याच निधीने एका रात्रीत शेकडो संस्थांना अनुदान रद्द झाल्याचे हुकूम धाडले. त्याआधीच अमेरिकेच्या लष्करी मरीन बँडने, शासनाच्या नव्या धोरणाचा हवाला देत, अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थी वादकांबरोबरचा ठरलेला कार्यक्रम मोडला. निवृत्त लष्करी वादकांनी मग त्या मुलांना बरोबर घेऊन वेगळा कार्यक्रम केला. शताब्दीच्या भाषणांत ही हकीकत फारशी आली नाही.

मला भरवसा वाटतो तो याहून रुक्ष अशा एका गोष्टीचा. अमेरिकेच्या नॅशनल फ्लूट असोसिएशनने २०१८ मध्ये तरुण वादकांच्या आपल्या स्पर्धेसाठी कोलमनबाईंकडून ‘फान्मी इमेन’ ही रचना लिहवून घेतली. स्पर्धेत उतरायचे तर ती बसवणे आले. आवड असो वा नसो, वर्ण कोणताही असो, मेट्रोनोम लावून, कठीण जागा पन्नास वेळा घोटून.