शाळेची झाडे आणि मे महिन्याची सुट्टी

एकाच सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, पश्चिमेस महाबळेश्वरावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पर्जन्य कोसळतो आणि पूर्वेस माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात गेला तरी शेतकरी त्या सालास बरे म्हणतो. सांगलीकडील आटपाडी व जत येथील अवस्थाही फारशी निराळी नाही. या अवर्षणप्रवण पट्ट्यातील दोन-तीन खोल्यांच्या प्राथमिक शाळेने आपल्या आवारात झाडे लावावयाची म्हटले, म्हणजे खरा प्रश्न लागवडीचा नसतो. लागवड एका सकाळी उरकते. पुढचे तीन उन्हाळे कोणाचे, हे ठरावे लागते.

शाळा आणि वृक्ष यांचे नाते या मुलखाला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि तिचे बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष स्वीकारला. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असल्यामुळे तिच्या कार्याचा विस्तार आजच्या दोन्ही जिल्ह्यांत सारखाच आढळतो. आणि तिने खेड्यापाड्यांत ज्या शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या, त्या गावकऱ्यांनी आपल्या मानल्या नसत्या तर चालल्याच नसत्या. शाळेच्या झाडांचेही तसेच आहे, असे माझे मत आहे. सरकारी वृक्षारोपणाचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै उजाडला की पत्रक निघते, खड्डे मोजले जातात, पाहुणे येतात, छायाचित्र निघते आणि दप्तरी नोंद होते.

या नोंदीत एक दोष राहून जातो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात मृगाचा पाऊस पुष्कळदा हुलकावणी देतो आणि भरवशाचा पाऊस येतो तो भाद्रपद-आश्विनात. जुलैच्या पहिल्या सरीवर विसंबून लावलेले रोप ऑगस्टच्या उघडिपीत माना टाकते. त्यापेक्षा जमिनीत ओल उतरेपर्यंत थांबणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र तसे पत्रकात बसत नाही, आणि शिक्षकाला पत्रक मोडण्याची मुभा नसते.

जाणती माणसे खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवतात. मुरमाड जमिनीत दोन फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू देतात. मग तळाशी पालापाचोळा, वर पोयट्याची माती आणि मुरलेले शेणखत भरतात. रोप लावताना पिशवी ब्लेडने अलगद कापून काढावी लागते, मातीचा गड्डा फुटू द्यावयाचा नसतो, आणि तळाशी मुळ्यांनी वेटोळे घातले असेल तर तेवढे छाटावे लागते. उत्साहाच्या भरात मुले पिशवीसकट रोप पुरतात तेव्हा गुरुजींची खरी कसोटी लागते! भोवती आळे, आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळले गवत, आणि बाहेरून बाभळीच्या काट्यांचे कुडाण. कारण हा मेंढपाळांचा मुलूख आहे, आणि शेळीला कोवळ्या शेंड्याइतके प्रिय दुसरे काही नाही.

शाळा चालू असते तोवर पाण्याची तजवीज होते. दुपारच्या भोजनानंतर मुले हात धुतात ते पाणी चर काढून आळ्यांत सोडता येते आणि घरी जाताना प्रत्येकाने बाटलीत उरलेले पाणी आपल्या झाडाला घालावे, असा दंडक अनेक शाळांत असतो. परंतु शाळा मेच्या आरंभी बंद होते ती जूनच्या मध्यास उघडते, आणि नेमक्या याच दिवसांत आड आटतात, गावाला टँकर लागतो व शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात. झाडे मरतात ती बहुधा याच सहा आठवड्यांत. गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगलेली खानापूर-आटपाडीकडील मंडळी यात्रेला व लग्नकार्याला उन्हाळ्यातच गावी येतात. त्यांच्याकडून देणगी मागावयाची तर ती लोखंडी जाळ्यांवर नावे रंगविण्यासाठी न मागता, पाण्याच्या खेपांसाठी मागावी. प्रत्येक रोपाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडून वात घातलेले मडके पुरले, म्हणजे आठवड्याला दोन घागरींतही रोप तग धरते आणि ती पाळी शेजारच्या घरांत वाटून देता येते.

संरक्षण मिळाले तर उजाड माळ किती पालटतो, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वरच्या बोडक्या डोंगरांवर झाडी उभी राहिली, आणि १९८५ साली जेमतेम अकरा चौरस किलोमीटरच्या त्या मानवनिर्मित वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. शाळेचे आवार ते केवढे? तेथे लिंब, करंज, चिंच, वड अशी आपल्या मातीतली दहा झाडे जगली तरी पुष्कळ झाली. गुलमोहर लवकर वाढतो आणि वादळात लवकर मोडतो. मुले ज्याखाली बसणार त्या झाडाची निवड करताना एवढा विचार हवाच.

मोजदाद करावयाची ती जुलैत खड्ड्यांची न करता, पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हिरव्या शेंड्यांची करावी. हजेरीपटासारखी झाडांची वही घालून प्रत्येक रोपापुढे त्याची उंची आणि पाणी घालणाऱ्या घराचे नाव लिहावे. जी मेली त्यांच्यापुढे कारणही लिहावे, म्हणजे शेळी, वाळवी की तहान, याचा उलगडा होतो. आणि त्यानुसार पाऊस नीट लागल्यावर नांग्या भरून घ्याव्यात.