लेखणी कोणाच्या हाती?

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. उचल, मुकादम, कोयता हे शब्द त्या दिवसांत वृत्तपत्रांत वारंवार दिसतात. या मजुरांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यांनी स्वतः लिहिलेले आपण किती वाचले आहे? ज्याची व्यथा, त्याच्याच हाती लेखणी असणे आणि नसणे यांत केवढे अंतर असते, हे जाणून घ्यायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रकारितेकडे वळले पाहिजे. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे स्मरण आपण नित्य करतो. संपादक आंबेडकर मात्र काहीसे बाजूलाच राहतात.

'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव छापणे शक्य नव्हते; ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे छापले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पत्राला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पहिल्याच अग्रलेखात आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांचे परीक्षण केले. बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, हा त्यांचा आक्षेप होता. त्याचा प्रत्ययही लवकरच आला. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. ज्यांना बातमीत स्थान नव्हते, त्यांना जाहिरातीतही नव्हते!

पुढे आंबेडकर अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले आणि काही काळाने 'मूकनायक' बंद पडले. परंतु मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेव्हा स्वतःचे पत्र नसणे किती महाग पडते हे पुन्हा स्पष्ट झाले. सत्याग्रहींवर हल्ला झाला होता, आणि झाले ते योग्य की अयोग्य याचा निवाडा इतरांच्या स्तंभांत होऊ लागला होता. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या वेळी संपादक म्हणून त्यांचेच नाव होते. लिहिणारे हात थोडे असल्याने अंकाचे बहुतेक स्तंभ त्यांना एकट्यालाच भरावे लागत. हे काम विनावेतन होते. तरीही पत्र कर्जात गेले, वर्गणीदार अपुरे पडले, आणि १९२९ च्या अखेरीस तेही थांबले. 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचे वचन होते, तर 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांचे. मराठी संतवाणीवरचा आपला हक्क त्यांनी कधी सोडला नाही, हे यातून ध्यानात येते.

१९२८ मध्ये निघालेल्या 'समता'चे संपादकपद देवराव विष्णू नाईक यांच्याकडे होते. ते अस्पृश्य समाजातील नव्हते. पत्र आपले हवे, परंतु त्याचे दार मात्र बंद नको, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. मूकापासून प्रबुद्धापर्यंतचा हा छत्तीस वर्षांचा प्रवास नावांतूनच वाचता येतो.

याच काळात अमेरिकेतही असाच एक संपादक झगडत होता. कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्कहून 'द क्रायसिस' हे मासिक सुरू केले आणि १९३४ पर्यंत ते चालविले. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन गेल्याचे कळताच १९४६ मध्ये आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागविल्या. डु बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. वर्णभेद आणि जातिभेद एकच नव्हेत; पण ज्याला बोलू दिले जात नाही त्याने प्रथम आपले पत्र काढावे, हा धडा दोन्हीकडे सारखाच होता.

या इतिहासाचे बीड जिल्ह्याला काय? १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. मुक्यांचे दुःख येथे दुहेरी होते. आज तो काळ मागे पडला आहे. मौन मात्र पुरते गेलेले नाही. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ८२ हजारांवर महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. एवढी संख्या एका दिवसात होत नाही. ती वर्षानुवर्षे, गावोगावी साचत होती. बाहेरच्या पत्रकारांनी ती उजेडात आणली, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्या महिलांच्या घरातील एखाद्या लेखणीने ती दहा वर्षे आधी मांडली असती तर?

पत्रकारिता हा धर्म न राहता धंदा बनला, अशी टीका आंबेडकरांनी १९४३ मध्ये पुण्याच्या व्याख्यानात केली होती. आज पत्र काढणे पूर्वीइतके दुर्घट नाही. छापखान्यावाचूनही ते निघू शकते. दुर्घट आहे ती पुराव्याने लिहिण्याची आणि आपल्याच वाचकाला दोन शब्द ऐकविण्याची शिस्त. जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांत आता ऊसतोड मजुरांची मुले शिकत आहेत. त्यांच्या निबंधाच्या वहीत 'माझे गाव' या विषयाखाली काय लिहिले जाते, हे शिक्षकांनी एकदा बारकाईने वाचावे. उद्याचा 'मूकनायक' कदाचित त्याच वहीत असेल. त्यावर लाल शाईची रेघ ओढण्यापूर्वी त्याला लिहिते करणे, हे काम आपल्या हातचे आहे.