लोदी रोडवरील कडुनिंब आणि पानांतील रसायन

फाल्गुन सरता सरता दिल्लीच्या लोदी रोडवरील कडुनिंबांची पाने पिवळी पडून पदपथावर पसरू लागली, की तो केवळ वाढत्या उन्हाचा प्रताप, असा आपला समज होतो. वस्तुतः वृक्षाने त्यापूर्वीच पानातील हरितद्रव्य व प्रथिने यांचे विघटन करून त्यांतील नत्र, आणि त्यासोबत स्फुरद व पालाश यांचाही बराच अंश, बदलीचा हुकूम हाती पडलेल्या दक्ष खजिनदाराप्रमाणे फांदीकडे सुपूर्त केलेला असतो. पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा. तो आरंभापासूनच हिरव्याखाली झाकलेला असतो. कॅल्शियम मात्र अन्नरसवाहिन्यांतून सहसा माघारी फिरत नाही, म्हणून ते पानाच्या वयाबरोबर साठत जाऊन पानासह मातीत पडते. गळलेली पाने जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली, ती मला म्हणूनच दुहेरी हितावह वाटते: हवा वाचते आणि हा चुनाही झाडाच्या मुळाशीच राहतो.

लगोलग फुटणारी तांबूस, चकचकीत पालवी, जिला तो रंग अँथोसायनिन देते, नत्र व पालाश यांनी समृद्ध, पण कॅल्शियमच्या बाबतीत दरिद्री असते. पाडव्याला पहाडगंजपासून नोएडापर्यंतची आपली मंडळी गूळ, ओवा, मिरी घालून वाटतात, ती हीच कोवळी पाने.

पाइनच्या सुयांतही असाच क्रम आढळतो. शिवाय थंड प्रदेशात हिवाळ्यात त्यांतील पिष्ट घटून विद्राव्य शर्करा वाढते. त्यामुळेच वनशास्त्रज्ञ पृथक्करणासाठी सुया घेताना त्यांचे वय आणि हंगाम यांची काटेकोर नोंद ठेवतात.